डाव्या पिळाचा आळा

सीनेच्या काठी माळतरडी म्हणून पाचपन्नास उंबऱ्यांचं गाव. रानोबा महाराज तिथे कुठून आले हे कुणालाच धड सांगता येत नाही. एका वर्षी ज्वारी पोटऱ्यात असताना ते महादेवाच्या देवळामागच्या पडवीत येऊन बसले आणि पुढे बावीस वर्षं तिथून हलले नाहीत, एवढं मात्र सगळे सांगतात. जवळ एक घोंगडी, एक तांब्या आणि कपिला नावाची म्हातारी गाय. गाईसाठी महाराजांनी कधी कुणाकडे वैरण मागितली नाही, आणि गाय कधी उपाशी राहिली नाही.

गावातली रानं लहान. कुणाचं दीड एकर, कुणाचं दोन. एवढ्याशा तुकड्याला प्रत्येकाने वेगळे मजूर कुठून आणायचे? म्हणून सगळे मिळून ज्वारीची काढणी मार्तंड मुकादमाला गुत्त्याने, म्हणजे ठोक ठरवून देत, आणि मुकादम ती पट्टीपट्टीने आपल्या जोड्यांना वाटून देई. जोडी म्हणजे नवराबायको. पुढे नवरा ज्वारी उपटत जाणार, मागून बायको पेंढ्या बांधत येणार. मजुरी पैशांत नव्हती. वीस पेंढ्यांमागे एक पेंढी, असा जोडीचा वाटा.

या जोड्यांत भुजाबा आणि सोनाई हे सगळ्यांत जुनं जोडपं. पोटी लेकरू नाही, पण तीस वर्षांत एकाही पट्टीचं काम त्यांनी अर्धवट सोडलं नव्हतं. पेंढी बांधायला दोरी लागत नाही. ज्वारीचीच दोन ताटं पिळून त्यांचा आळा करतात आणि पेंढीभोवती आवळतात. सोनाई डावरी होती, त्यामुळे तिच्या आळ्याचा पीळ उलटा पडे. तो कधी सुटत नसे, आणि दुसऱ्याला सोडवताही येत नसे! वाट्याला आलेली पहिली पेंढी ती दरवर्षी महाराजांच्या कपिलेला नेऊन घाली.

वाकून काम करणारा भुजाबा कधी मागे वळून बघत नसे. थोड्या थोड्या वेळाने नुसतं विचारी, "हाय का गं मागं?" मागून उत्तर येई, "हाय की." एवढ्यावर तीस वर्षं निभावली.

एका वर्षी श्रावणात सोनाई तापाने गेली.

माघात देवळापुढे गुत्त्याची वाटणी बसली. भुजाबा नेहमीसारखा जाऊन उभा राहिला. मुकादमाने त्याला खालीवर न्याहाळलं.

"भुजाबा, जोडी कुठंय तुझी?"

"एकलाच हाय, मुकादम."

"म्हंजी अर्धा हायेस की! अर्ध्या माणसाला गुत्तं देऊन निम्मंच रान काढू का मी?"

जोड्या खळखळून हसल्या. हसणाऱ्यांतल्या कितीतरी बायकांना पेंढी बांधायला सोनाईनेच शिकवलं होतं. पण हसायला काय लागतं?

पडवीतून महाराज म्हणाले, "मार्तंडा, दे त्याला पट्टी."

"महाराज, देवळातलं तुम्ही बघावं. रानातलं मला कळतं." मुकादम एवढं बोलला खरा, पण चारचौघांत महाराजांचा शब्द अगदीच मोडता येईना. त्याने ओढ्याकडची धोंडाळ पट्टी काढून दिली. तिथली जमीन इतकी कठीण की ताट उपटताना खांदे निखळावेत. "आज सोमवार. शनवारी दुपारी गाड्या लागत्यात. तवर सगळी पट्टी बांधून झाली तर जोडीचा पुरा वाटा घे. एक ताट जरी मोकळं दिसलं तर वाटा न्हाई, आन् फुडल्या साली गुत्तं मागायला यायचं न्हाई."

भुजाबाला ना जमीन, ना भाऊबंद. गुत्तं गेलं म्हणजे गाव सुटलंच. सोनाईला जिथे पोचवलं तो ओढासुद्धा सुटला.

तो कामाला लागला. मूठभर ताटं उपटायची आणि अंग न वळवता डाव्या हाताला मागे टाकायची, ही तीस वर्षांची सवय. टाकलेली ताटं उचलायला आता कुणी नव्हतं. तरी तो विचारायचाच, "हाय का गं मागं?" शेजारच्या पट्टीतून हसू यायचं. कुणी चावट गडी बायकी आवाज काढून "हाय की!" म्हणायचा. भुजाबा मान खाली घालून पुढची मूठ धरायचा. माणूस एकटा पडला की त्याची हाकसुद्धा लोकांना खेळ वाटते, हे फार वाईट आहे.

शुक्रवारी संध्याकाळी तो महाराजांकडे आला. पट्टीचा तिसरा हिस्सा अजून उभा होता आणि उपटलेल्यातली एकही पेंढी बांधलेली नव्हती. आळा पहाटेच्या दवातच वळतो. ऊन चढलं की ताटं वाळून कडाकडा मोडतात. एका पहाटेत एवढं बांधणं कुणालाच शक्य नव्हतं.

"महाराज, मी अजून तिला हाक मारतो. लोक हसत्यात. सोडून देऊ का?"

"सोडू नकोस. विचारत जा."

"उत्तर येत न्हाई, महाराज."

महाराजांचे डोळे भरून आले. मग त्यांनी भिंतीतल्या खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे एक वाळका, काळपट आळा लटकत होता. "गेल्या सालची पेंढी कपिलेनं खाल्ली. आळा मी ठेवला. रोज सोडतो, रोज वळतो. जा, निजून घे. सकाळी पुढचं काम तू कर. मागचं मागे."

शनिवारी उजाडायच्या आत भुजाबा रानात गेला आणि उभी ज्वारी उपटू लागला. मागे त्याने एकदाही पाहिलं नाही. बघावं तर मागे कुणी नाही हे दिसेल, याचीच त्याला भीती होती! मधूनमधून तो विचारी, "हाय का गं मागं?" उत्तर आलं नाही. पाल्याची सळसळ मात्र मागून सारखी येत होती. वारा असेल, असं त्याने मनाला सांगितलं.

सूर्य डोक्यावर आला, शेवटची मूठ उपटली गेली, आणि तेवढ्यात गाड्या घेऊन मुकादम बांधावर आला. "काय रे अर्ध्या, किती..." त्याची नजर पट्टीवर गेली.

सगळी पट्टी बांधून झाली होती. पेंढ्या ओळीने निजलेल्या, बुडखे एका बाजूला, कणसं एका बाजूला. भुजाबाने आता कुठे मागे वळून पाहिलं. मुकादम एकेक आळा चाचपत गेला. त्याच्यामागून आलेली एक बाई वाकली आणि किंचाळलीच, "अगं बया, ह्यो तर सोनाईमावशीचा पीळ! डावा पीळ!"

शेवटच्या पेंढीचा आळा मात्र काळपट होता, गेल्या सालचा. वाळका आळा नुसता वाकवला तरी तुटायचा. मुकादमाने पाय रोवून ओढला, दात खाऊन ओढला. आळा तुटला नाही. भुजाबाने त्यावर हात ठेवला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

मुकादमाने ती पेंढी डोक्यावर घेतली आणि सगळे देवळाकडे धावले. महाराज पडवीतच बसले होते. गुरव शपथेवर सांगू लागला, "पहाटपासनं हितंच हायेत, डोळे मिटून." खुंटी रिकामी होती. महाराजांचे दोन्ही तळवे ज्वारीच्या पात्यांनी चिरले होते, आणि घोंगडीभर ज्वारीची कूस!

"डावा पीळ अवघड असतो रे," महाराज म्हणाले. "एक वर्ष लागलं शिकायला."

भुजाबाने त्यांचे पाय धरले. "महाराज, मागं तुमी व्हता, तर माझ्या हाकेला ओ का न्हाई दिली?"

"ती ओ तिची आहे, भुजाबा. पेंढ्या मी बांधीन. ती ओ मी कशी देऊ?"

कपिला शेजारीच रवंथ करत होती.

मार्तंड मुकादम पुढे झाला. त्याने डोक्यावरची शेवटची पेंढी उतरवून गाईपुढे ठेवली आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं. "चुकलो, महाराज. पुरा वाटा देतो. दुप्पट देतो."

"दुप्पट कशाला? ठरलाय तेवढा दे. गुत्तं देताना काम मोज, मार्तंडा. माणूस अर्धा की पुरा, हे मोजायला तुला कुणी बसवलं नाही. आणि मला कसला नमस्कार करतोस? ज्याला अर्धा म्हणालास त्याला कर."

मुकादम भुजाबापुढे आला. मघापर्यंत ज्याला अरेतुरे केलं, त्याच्याकडे मान वर करून बघवेना. हात जोडून तो हळूच म्हणाला, "काका, जोडीनं उभं ऱ्हावा."

भुजाबा थोडा उजवीकडे सरकला. डाव्या हाताला एका माणसापुरती जागा त्याने मोकळी सोडली. मुकादम आधी त्या जागेपुढे वाकला, मग भुजाबापुढे.