टोकदार बुडाची घागर

फार जुन्या काळी रोम नगरीत एका पाववालीच्या कानावर अर्धंच बोलणं पडलं.

"अगं, ती पुजारीण झऱ्यावर एका पुरुषाशी बोलत होती, आणि घागर तर..." धोबीण सांगत होती. तेवढ्यात मालकिणीची गाडी गावाकडे निघाली, आणि धोबीण गाडीमागे पळाली.

वेस्ता ही तिथली चुलीची देवी. तिचा अग्नी कुमारिका पुजारणी राखायच्या. देवीसाठी झऱ्यावरून आणायचं पाणी जमिनीला टेकू द्यायचं नाही, म्हणून घागरीचं बूडच टोकदार. खाली ठेवली की कलंडलीच!

पाववाली बाई काही वाईट नव्हती. कुणाचं दुखलं-खुपलं तर आधी धावायची. पण पोटात गोष्ट राहायची नाही.

"घागर तर आडवी पडली होती म्हणे!" तिनं शेजारणीला सांगितलं.

"अगंबाई! मग पुजारीण कुठं होती?"

"ते मी कशाला सांगू? झाडीला विचार!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुपारपर्यंत नगरभर झालं. त्यातच ओल्या लाकडांनी देवीचा अग्नी विझला. लोक म्हणाले, देवी कोपली.

मुख्य पुजाऱ्यानं भर चौकात पुजारणीला विचारलं, "पुरुष भेटला होता?"

"भेटला होता. पण तो..."

"विचारलं तेवढंच सांग. घागर खाली ठेवलीस?"

"नाही. कमरेवरच होती."

पुजारी गर्दीकडे वळला. "घागर आडवी पडल्याची गोष्ट खोटी आहे, असं कोणी सांगतं? कोणी डोळ्यांनी पाहिलंय?"

पाववाली गर्दीत पुढेच उभी होती. 'पुढचं मी मनानंच जोडलं,' एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत अब्रू जाईल, म्हणून ती गप्प राहिली.

व्रत मोडणाऱ्या पुजारणीची शिक्षा ठरलेली होती. भुयारात उतरवायचं, सोबत दिवा, थोडं दूध आणि एक पाव द्यायचा, वरून माती लोटायची. पाव पाववालीच्याच भट्टीतून मागवला. तिनं तो भाजून दिला.

आठ-दहा दिवसांनी धोबीण परतली आणि हे ऐकताच थेट पाववालीच्या दारात आली.

"अगं, मी सांगत होते, घागर तर तिनं खालीसुद्धा ठेवली नाही! आंधळा बाप होता तो तिचा. सहाव्या वर्षीच पोर देवीला दिलेली. तो चेहरा चाचपत रडत होता, आणि हिचे दोन्ही हात घागरीला. मिठीसुद्धा मारता आली नाही गं तिला!"

पाववाली अनवाणी धावली, पुजाऱ्याच्या पायांवर पडली. "उकरा हो! मी खोटं बोलले!"

"बाई," तो म्हणाला, "आता उकरून काय मिळणार?"

म्हणून सांगते, लहानथोरांनो: अर्धं ऐकलेलं आपल्या जिभेनं पुरं करू नये, त्यात दुसऱ्याचा जीव जातो.