पत्र्याची बॅट आणि निवृत्तीचे दात

एका गावात एक भोळा चेंडूफेक्या होता. नाव निवृत्ती. नव्या मास्तरांनी गावात बेसबॉल आणला, पत्र्याच्या बॅटींसकट. ते म्हणाले, "फेक चेंडू." यानं तो लांबच्या विहिरीत फेकला. एवढ्या लांब गेला म्हणून मास्तरांनी याला संघात घेतलं.

बायकोच्या, चंद्रकलेच्या जिवाला मात्र घोर. "फेकणारा अगदी समोर उभा, आणि पत्र्याच्या बॅटीचा चेंडू गोळीसारखा सुटतो म्हणे! अहो, माझ्या भावाचं लग्न तोंडावर आलंय. फोटोत तुमचं बोळकं दिसेल!"

तिनं मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "बरं वहिनी, दोन्ही संघ लाकडी बॅट घेतील. तिचा चेंडू जरा दमानं येतो."

घरी येऊन तिनं नवऱ्याला बजावलं, "पत्रा वाईट, लाकूड बरं. ध्यानात ठेवा."

ठेवलं की! ती पाण्याला गेली तशी निवृत्तीनं चुलीवरचा तवा उतरवला, पोळपाट चढवला आणि त्यावर भाकरी टाकली. भाकरी कच्ची राहिली. पोळपाट खरपूस भाजला, वर पेटला.

"अहो, हे काय?"

"लाकूड बरं."

"चुलीवर? जाळ दिसला की आधी पाणी ओतावं माणसानं!"

संध्याकाळी शेजारी सत्यनारायण होता. शेजारच्या काकू आरती घेऊन निवृत्तीसमोर आल्या. निवृत्तीला जाळ दिसला. बादली जवळच होती. आरती विझली, भटजी भिजले, प्रसादाच्या शिऱ्याची पेज झाली.

चंद्रकलेनं कपाळावर हात मारला. "अहो, आरती आली की डोळे मिटायचे, हात जोडायचे. प्रसाद आला की आ करायचा. समोरून येईल त्याला नाही म्हणायचं नाही!"

"एवढंच ना? मग आधी सांगायचंस."

रविवारी सामना झाला. चंद्रकलेनं बॅट स्वतः वाजवून पाहिली. लाकूडच. तिचा जीव भांड्यात पडला.

निवृत्तीनं चेंडू फेकला. समोरच्यानं टोलवला. चेंडू निघाला तो दमानं, पण थेट निवृत्तीकडे.

"सरक! अरे, बाजूला सरक!" मास्तर ओरडले.

"अहो!" चंद्रकला किंचाळली.

निवृत्तीनं डोळे मिटले. हात जोडले. आ केला.

पुढचे दोन्ही दात मातीत पडले. चंद्रकला रडत धावली. निवृत्ती मात्र खुशीत होता.

"चंद्रे, तुझंच खरं. लाकूड बरं! पत्र्याची अफती, तर प्रफाद थेट पोटात गेला अफता."

आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

"आता थोडं तीर्थ दे."