गावातून दिसणारं दार

एका गावात एक आत्या राहायची. आत्या तशा गावोगाव असतात, पण हिच्या जिभेच्या धाकानं कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून शेपूट घालून जायची. भाऊ-भावजय साथीत गेले, तेव्हा त्यांची तान्ही मुलगी हिनं पदरात घेतली. भाची शाळेत जायला लागली, तशी आत्याही तिच्या पाटीवरून अक्षरं शिकली. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा, हसा. वाचता आलं की आधी तुमचीच कुंडली वाचीन."

त्या गावापासून दूर, डोंगरांपलीकडे, एक विद्यापीठ होतं. तिथं जायच्या वाटा तीन: एक डोंगराची, एक नदीची, एक रानाची. प्रत्येक वाटेवर शिकण्याचे मुक्काम असत, ते पुरे करता करता दोन वर्षं जात, आणि वाटेच्या शेवटी विद्यापीठाचं एकेक दार लागे.

गावातून मात्र दिसायचं ते डोंगरावरचंच दार. उन्हात त्याचा कळस चमकायचा. नदीचं दार वळणाआड, रानाचं झाडीआड. म्हणून गावानं ठरवूनच टाकलं होतं, की विद्यापीठ म्हणजे डोंगरावरचं दार. बाकीची दोन म्हणजे मागच्या अंगाची, शेण काढायची.

शाळा संपली की पंतोजी मोरपिसं द्यायचे. जितकं पाठांतर, तितकी पिसं. ज्याला पिसं जास्त त्यानं डोंगरावर जायचं, ज्याला मध्यम त्यानं रानात, आणि ज्याच्या वाट्याला चारच आली त्यानं निमूट नदीकाठ धरायचा. पोराला काय आवडतं, काय जमतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. बैल घेताना माणसं दात बघतात, चाल बघतात, डोळ्यासमोर हात हलवून बघतात. पोराची वाट ठरवताना नुसती पिसं मोजायची!

आणि वर रीत अशी, की दसऱ्याला सगळ्यांनी शीव ओलांडून फाट्यावरच्या नाक्याशी जायचं. तिथं पोरानं नारळ धरून गप्प उभं राहायचं, वडीलधाऱ्यानं वाटेचं नाव सांगायचं आणि नाकेदारानं पोराच्या गळ्यात त्या वाटेचा बिल्ला घालायचा. बिल्ला एकदा पडला की पडला.

त्या वर्षी आत्याच्या भाचीला गावात सगळ्यांत जास्त पिसं मिळाली. आत्यानं घरोघरी गूळ वाटला. परत येऊन पाय पसरून बसते न बसते, तोच पोर म्हणाली, "आत्या, मला नदीच्या वाटेनं जायचंय."

"काय?" आत्या ओरडली. "वेणीत पिसं मावत नाहीत, आणि चार पिसंवाल्यांच्या वाटेनं जाणार? एवढी पिसं वाया घालवायला मिळवलीस?"

"वाया कशी जातील? माझ्या वेणीतच तर आहेत."

"तोंड चालवू नकोस. शेजारची मैत्रीण चाललीय वाटतं नदीला?"

"ती डोंगरावर चाललीय. रडत."

"मग सोपी वाट म्हणून?"

"सोपी कुठंय? पहिल्याच वर्षी भोवऱ्यात होडी घालावी लागते म्हणे."

"मग कशाला गं, कशाला?" आत्यानं कपाळावर हात मारला.

पोर म्हणाली, "आपलं खालचं शेत नदीनं नेलं ना? तेवढीच माती तिनं पलीकडच्या काठाला नेऊन घातली. ती एकीकडून का नेते, दुसरीकडं का घालते, उद्या कुठं वळणार हे आधी कळतं का, ते मला शिकायचंय. पंतोजींना विचारलं, तर म्हणाले, हे परीक्षेला नाही."

आत्या त्या दिवशी जेवली नाही. पोरीवर चिडली होती म्हणून, आणि पोरीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं म्हणूनही.

सकाळी दारात सल्ल्यांची रांग लागली. न बोलावता येतात ते पाहुणे नव्हेत, ती सल्ला द्यायला आलेली माणसं! पुढं पाटलीणबाई, मागं दोरवाला. डोंगराच्या पायथ्याशी दोर विकणाऱ्यांची पालंच्या पालं पडली होती, त्यांतलाच हा एक.

"आत्याबाई, दोर आत्ताच घेऊन ठेवा," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर मिळायचा नाही."

"डोंगराचीच वाट धरा," पाटलीणबाई म्हणाल्या. "तिथून सगळीकडची दारं उघडी राहतात. पुढं वाटलं तर नदीकडं वळता येतं."

"कोण वळलंय आजवर?" आत्यानं विचारलं.

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात की!"

"तुमचा थोरला कुठवर पोचला?"

"खिंडीत आहे," पाटलीणबाई पदर सावरत म्हणाल्या. "यंदा नक्की."

"गेल्या दसऱ्यालाही 'यंदा नक्की'च होतं. बरं, ते विद्यापीठ आतून कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. "बघायचं काय त्यात?" दोरवाला म्हणाला. "दिसतंय की इथून."

"दिसतो तर चंद्रही. म्हणून काय तिथं बिऱ्हाड करायचं?" आत्या उठली. तिनं चार भाकरी बांधल्या, शेळी भाचीच्या हवाली केली आणि काठी उचलली.

"या वयात डोंगर चढणार?" पाटलीणबाई किंचाळल्या.

"मडकंसुद्धा मी वाजवून घेते, बाई. इथं पोरीची दोन वर्षं लावायचीत."

आत्याला शिकायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. म्हणून मुक्कामाला राम राम करत ती सरळ चढत गेली. काही पोरं दोराला धरून सरसर वर जात होती, घाम गळत होता पण डोळे हसत होते. त्यांच्याकडे बघून आत्याला बरं वाटलं. ही खरी डोंगराची पोरं.

पण खिंडीत बघते तो काय! जत्रा उसळावी तशी गर्दी. पुढचा कडा जमेना म्हणून ना कुणी पुढं सरके, ना कुणी मागं फिरे. कडेला पाटलीणबाईंचा थोरला बसला होता. तंबूच्या खुंटीतून त्यानं इतका सुबक पोपट कोरला होता, की आता उडेल का मग उडेल.

"अरे, हा हात घेऊन तू रानाच्या वाटेनं का नाही गेलास?"

"पिसं जास्त पडली, आत्या."

आत्यानं काठी आपटली. "मग आता वळ की! आई तर म्हणते, कधीही वळता येतं."

"वळणावर राखणदार आहे. तो म्हणतो, रानातली झाडं ओळखून दाखव. मला फक्त दोराच्या गाठी येतात. म्हणतो, पहिल्या मुक्कामापासून चाल."

"मग चाल! दोन पाय आहेत ना?"

"आई काय म्हणेल? खिंडीत आहे म्हटलं, तर गावात मान असतो. रानात आहे म्हटलं, तर…" तो पोपटाचं शेपूट तासत बसला.

चरफडत आत्या वरच्या दाराशी पोचली. पहारेकरी म्हणाला, "आजी, असा प्रवेश नाही मिळत."

"प्रवेश कोण मागतंय? डोळ्यांनी बघायचंय. हो बाजूला!"

तो झाला बाजूला. कोण नाही होणार?

आत एकच मोठं अंगण होतं. मध्ये एक विहीर. आणि तिन्ही दारं त्याच अंगणात उघडत होती! विहिरीच्या पायऱ्यांवर पोरं एकमेकांच्या ताटातलं खात बसली होती. नदीच्या दारानं आलेली एक मुलगी डोंगराच्या दारानं आलेल्या मुलाला म्हणत होती, "इथं पूल बांधलास तर पहिल्या पुरात जाईल, शहाण्या." आणि शहाणा निमूट ऐकत होता.

"तिन्ही दारांची पोरं एकाच ठिकाणी?" आत्यानं पहारेकऱ्याला विचारलं.

"आजी, आत आल्यावर दार कोण विचारतो?"

"अरे, मग हे आमच्या गावात येऊन कुणी सांगत का नाही?"

"तुमच्या गावातून विचारायला कुणी येतं का? येतात ते पोराला ढकलतच येतात."

आत्या परतली ती नदीच्या वाटेनं, कारण तेही मडकं वाजवायचं होतं. तिनं भोवरा बघितला. त्यात उलटलेली होडी बघितली, काठावर ओकाऱ्या काढत रडणारी पोरं बघितली. पहिल्या मुक्कामावरून तीन पोरं घरी निघाली होती, तीही बघितली. गावाला वाटायचं ही बिनडोक्याच्यांची वाट. बिनडोक्याचा इथं पहिल्याच वळणाला बुडाला असता.

घरी येऊन ती भाचीला म्हणाली, "नाकातोंडात पाणी जाईल. रडायला येईल. घर आठवेल. तेव्हा 'मला कुणी सांगितलं नव्हतं' असं म्हणायचं नाही. मी सांगितलंय. जायचं?"

"जायचं," भाची म्हणाली.

दसऱ्याला सगळा गाव नाक्याशी जमला. नाकेदार म्हणाला, "बोला आत्याबाई, पोरीला कोणती वाट?"

आत्यानं भाचीच्या हातातला नारळ काढून आपल्या हातात घेतला. "नारळ मी धरते. तिला विचार."

एकच गलका झाला. "ही रीत नाही!" पंतोजी ओरडले.

"काटे तिच्या पायात मोडणार आणि बोलायचं मी? कुठली रीत ही? गप्प बसा, नाहीतर मी सुरू करीन."

पंतोजी मागं सरले. पोर मान वर करून स्वच्छ म्हणाली, "नदीची."

बिल्ला गळ्यात पडला. गाव वर्षभर हळहळला. कुठं ती पिसं, आणि कुठं ती वाट! भाचीची होडी भोवऱ्यात उलटली, एकदा सोडून दोनदा. ती रडली, ओली होऊन काठावर बसली आणि पुन्हा होडीत चढली. दोन वर्षांनी नदीच्या दारानं आत गेली. शिकून परत आली, तेव्हा काठाकाठानं हिंडून तिनं खुंट्या ठोकल्या आणि म्हणाली, "गोठे या खुंट्यांच्या वर न्या. नदी इकडं वळणार." आधी कुणी ऐकेना. मग आत्या घरोघरी गेली, तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. त्या पावसाळ्यात पाणी आलं ते खुंट्यांपाशी येऊन थांबलं. गावाचं एकही वासरू वाहून गेलं नाही.

आता तरी गाव शहाणा झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे!

पुढच्या दसऱ्याला फाट्यावर ही झुंबड! "नदीचा बिल्ला! आमच्या पोराला नदीचा!" दोरवाल्यानं दोर टाकून वल्ही विकायला काढली होती. पाटलीणबाईंचा थोरला अजून खिंडीतच होता, आणि धाकट्याला त्या दंडाला धरून ओढत आणत होत्या. पोर पाण्याला इतकं भ्यायचं, की आंघोळीलासुद्धा मागं धावून धरावं लागे.

"त्याला विचारलंत का?" आत्या कडाडली.

"त्याला काय विचारायचं? तुमच्या भाचीला जमलं, ते याला जमणार नाही?"

आत्यानं डोळे मिटले. डोंगर चढताना लागला नव्हता इतका दम तिला आत्ता लागला. मग तिनं पोराच्या हातातला नारळ ओढला आणि पाटलीणबाईंच्या हातात कोंबला. "हा धरा आणि तोंड मिटा. बोल रे बाळा. तुला कुठं जायचंय?"

पोर आईकडं बघे, नाकेदाराकडं बघे. शेवटी हळूच म्हणालं, "मला असं कधी कुणी विचारलंच नाही. जरा विचार करू?"

"कर," आत्या म्हणाली, आणि फाट्यावरच्या दगडावर ऐसपैस बसली. "सावकाश कर. आम्ही सगळे बसलोय."

ऊन डोक्यावर आलं. दोरवाला चुळबुळला, पंतोजी खाकरले, पाटलीणबाईंचा हात नारळानं अवघडला. पण आत्या तिथं बसली होती, त्यामुळं उठायची कुणाची छाती झाली नाही. सगळा गाव उन्हात बसून राहिला, एका पोराचा विचार पुरा होईपर्यंत.

तात्पर्य, आणि हे नारळ धरून गप्प उभं राहून ऐका: कोणती वाट चांगली हे गावाला विचारण्याआधी, चालणाऱ्याला कुठं जायचंय हे त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.