चौकातली वीत

नदीकाठच्या एका नगरात चिमा नावाची एक विणकरीण राहत असे. तिचा हात असा चपळ की लुगड्याचा काठ पाहायला राणीच्या दासी मुद्दाम वाकडी वाट करून येत. जीभही तितकीच चपळ होती, पण ती ऐकायला कुणी मुद्दाम येत नसे.

चिमाचे घर नदीच्या अगदी खालच्या अंगाला होते. शेजारी धोंडाप्पा हलवाई, मल्हारी तांबट आणि त्यांच्यासारखीच आणखी काही कुटुंबे. दर पावसाळ्यात नदी घरात शिरे, चुली विझवी आणि चिमाच्या मागाच्या खड्ड्यात चिखल भरून जाई. शेवटी राणीने ठरवले, या लोकांना वर आणायचे. पण वर जागा होती कुठे? वेशीलगत एक लहानसा तुकडा तेवढा मोकळा होता. त्यात एक जुनी विहीर आणि एक कडुनिंब.

त्या तुकड्यावर नगरातल्या एका सावकाराचाही डोळा होता. त्याला तिथे बागेसकट हवेली बांधायची होती, आणि दिवाणजी त्याच्या बाजूचे होते. ते राणीला म्हणाले, "एवढ्याशा जागेत एकच घर धड होईल. इतकी माणसे कोंबली तर त्याचे खुराडे होईल."

राणीने बाळोजी मिस्त्रीला बोलावले. बाळोजी स्वतःचे कौतुक स्वतःच करी, ते काम दुसऱ्यावर सोडत नसे. त्याने जागा पायांनी मापली, धोतराचा सोगा हवेत धरून वारा कुठून येतो ते पाहिले आणि म्हणाला, "सगळे मावतील. विहीर राहील, झाड राहील, आणि वारा प्रत्येकाच्या घरातून जाईल. दुसऱ्या कुणाला हे जमायचे नाही, म्हणून मीच करतो."

राणी हसली आणि जमलेल्या नदीकाठच्या लोकांना म्हणाली, "अक्षय तृतीयेला दिवाणजी पाहायला येतील. आखणी नीट असली तर जागा तुम्हा सगळ्यांची. मात्र आखणीची खुंटी जो बाहेर सारील, त्याला तिथे घर नाही."

बाळोजीने दोन ओळी आखल्या. भिंतीला भिंत लागून दुमजली घरे, म्हणजे एका भिंतीत दोन घरांचे काम भागेल आणि ऊनही कमी लागेल. पाया खणून निघेल त्या मातीच्याच विटा पाडायच्या. छपरांचे पाणी पन्हाळीने विहिरीत सोडायचे. आणि दोन ओळींच्या मधे लांबच लांब चौक. चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढून झाल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर खुंट्या ठोकल्या, आणि ज्याला त्याला आपापले घर जमिनीवर दिसले.

चिमा आपल्या रेघांच्या मधे उभी राहिली. दोन्ही हात पसरून पाहिले आणि तिचे तोंड उतरले.

"मिस्त्री, ही खोली आहे की कोनाडा?"

"उघड्या आभाळाखाली आखलेली खोली लहानच दिसते, चिमाबाई. भिंती उभ्या राहू द्या, मग बघा."

"आणि मधे ही एवढी जागा उरली आहे ती?"

"उरलेली नाही," बाळोजी म्हणाला. "ठेवलेली आहे. आधी चौक आखला, मग घरं."

चिमाच्या लेखी दोन्ही शब्द सारखेच होते. मोकळी जागा ती मोकळी जागा.

बाळोजी काही दिवसांसाठी चुन्याच्या भट्टीकडे निघून गेला. दुपारी सगळे झाडाखाली कलंडले, तेव्हा चिमा उठली. तिने आपल्या दारासमोरच्या खुंट्या उपसल्या आणि वीतभर पुढे, चौकात ठोकल्या. जुनी रेघ पायाने पुसली आणि घरातल्या रांगोळीने नवी ओढली. सरळ रेघ ओढायला तिला कुणी शिकवायला नको होते. "वीतभरच तर आहे," ती मनाशी म्हणाली. "एवढ्या मोठ्या चौकातून वीत गेली म्हणून कुणाच्या पोटात दुखणार आहे?" दुसऱ्या दिवशी तिला वाटले, अजून एक वीत चालेल. तिसऱ्या दिवशी वाटायचेही थांबले, हात आपोआप खुंटीकडे गेला.

आता गंमत अशी, की समोरच्या ओळीत धोंडाप्पालाही आपली खोली लहान वाटली होती. मल्हारीलाही. आणि बाकीच्यांनाही. त्या दिवसांत त्या झाडाखाली खरोखर झोपलेले कुणीच नव्हते. सगळे एकमेकांना झोप लागण्याची वाट पाहत होते.

अक्षय तृतीया उजाडली. त्या नगरात रीत अशी, की पहिली कुदळ मारण्याआधी राहणाऱ्यांनी त्याच जागेवर पंगत करायची. जो तो आपल्या होणाऱ्या दाराकडे पाठ करून बसे. सगळ्यांचे वाढून होईपर्यंत कुणी घासाला हात लावत नसे. धोंडाप्पाने पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरसाच्या बादल्या भरल्या होत्या. दिवाणजी चौकाच्या टोकाला पाटावर बसले. बाळोजी नवा फेटा बांधून, कौतुक ऐकायला तयार होऊन उभा राहिला.

पंगत बसली आणि सगळ्यांच्या लक्षात आले, काहीतरी बिघडले आहे. समोरासमोरच्या पत्रावळी एकमेकींना टेकल्या होत्या. चिमाचे गुडघे धोंडाप्पाच्या गुडघ्यांना लागत होते. वाढपी बादली घेऊन एक पाय उचली, तो ठेवायला जागा शोधी आणि परत मागे घेई. पोळ्या निवू लागल्या. पोरे रडू लागली. दिवाणजींची पत्रावळ कोरडीच राहिली.

"मिस्त्री!" दिवाणजी गरजले. "ज्या चौकात वाढपी मावत नाही, त्यात माणसे काय राहणार? उद्या इथून पाळणा कसा आत येईल आणि तिरडी कशी बाहेर जाईल?" मग ते चिमाच्या ओळीकडे वळले. "ही ओळ राहू दे. समोरची काढा. ती अर्धी जागा सावकाराला देऊ. ते लोक नदीवर परत जातील."

धोंडाप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. चिमाला मात्र कळून चुकले, आपण गप्प बसलो तर आपले घर पक्के झाले.

बाळोजी रेघांकडे पाहत होता. फक्कीपेक्षा रांगोळी अधिक पांढरी दिसते, हे त्याला कुणी सांगायला नको होते. चिमाच्या मागे जमिनीत खुंटीचे जुने भोक होते, तेही त्याला दिसले.  बाळोजी दोन पावले चालला आणि त्या भोकावर पाय ठेवून उभा राहिला.

"चूक माझीच असेल," तो म्हणाला. जन्मात त्याच्या तोंडून हे शब्द निघाले नव्हते. "आखणी माझी, शिक्षाही मला करा. पण कुणाला नदीवर धाडू नका."

 चिमाने चौकाकडे पाहिले, आणि तिला एकदम मागावर चढवायच्या उभ्या सुताचा आपला ताणा आठवला. माग खोलीत बसेल, पण सुताला खळ लावून तो लांबलचक ताणा उन्हात पसरायचा कुठे? या बोळात? ठेवलेली जागा म्हणजे काय, ते तिला आत्ता कळले. ती तिच्यासाठीच ठेवलेली होती, धोंडाप्पासाठीही होती, आणि तिने ती वीतवीत करून खाल्ली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की राणीचा नियम आठवूनही ती बसून राहू शकली नाही.

ती उठली. आपल्या दारासमोरच्या खुंट्या उपसल्या.

"आखणी बरोबर होती, दिवाणजी. खुंट्या मी सारल्या. माझं घर काढा, पण समोरच्यांना राहू द्या." मग ती बाळोजीकडे वळली. "मिस्त्री, पाय काढा."

बाळोजीने पाय काढला. चिमाने खुंटी जुन्या भोकात ठोकली.

 मग धोंडाप्पा धापा टाकत उठला आणि म्हणाला, "बाई एकटीच कशी जाईल? मीही सारली." त्याने आपली खुंटी मागे नेली. मल्हारी उठला. मग दोन्ही ओळी उठल्या, पत्रावळी मागे सरकल्या, आणि बघता बघता चौक उघडला. वाढपी बादली घेऊन मधून पळत सुटला.

"थांबा!" दिवाणजी म्हणाले. "राणीसाहेबांचा नियम आहे."

"नियम खुंटी बाहेर सारणाऱ्याला आहे," बाळोजी म्हणाला. "हे सगळे तर तुमच्यादेखत आत घेताहेत."

दिवाणजींनी रुंद झालेल्या चौकाकडे पाहिले. मग आपल्या कोरड्या पत्रावळीकडे पाहिले. मग आपल्या होणाऱ्या दारात ताठ उभ्या असलेल्या, घर गेले असे धरून चाललेल्या चिमाकडे पाहिले.

"खाली बसा, बाई," ते म्हणाले. "शेजाऱ्यांसाठी आपले घर सोडणारीचे घर मी कसे काढू? आखणी नीट आहे, जागा तुम्हा सगळ्यांची. वाढा रे!"

पावसाआधी भिंती उभ्या राहिल्या. खोल्या खरोखरच मोठ्या निघाल्या, आणि बाळोजीने ते भेटेल त्याला सांगितले. त्या वर्षी नदी खालच्या पडक्या घरांत शिरली तेव्हा तिथे कुणीच नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात सगळे नगर भाजून निघाले, पण चौकातला वारा समोरच्या दारांनी आत येई आणि मागच्या खिडक्यांनी जाई. विहीर आटली नाही. निंबाखाली मल्हारी ठोकत बसे, धोंडाप्पा बुंदीची परात निवायला ठेवी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चिमाचा ताणा पसरलेला असे. पोरे त्याच्याखालून वाकून पळत.

एकदा तो सावकार तिकडून चालला होता. वेशीत थांबून त्याने आत डोकावले.

"मधे बरीच जागा उरली आहे हो तुमच्याकडे!"

चिमाने ताण्यावरची नजर हलवली नाही.

"उरलेली नाही, शेठजी," ती म्हणाली. "ठेवलेली आहे."

तात्पर्य: सर्वांसाठी ठेवलेली जागा ही प्रत्येकाच्या घराची सर्वांत मोठी खोली असते; तिच्यातली वीत चोरणारा आपलेच घर लहान करतो.