न पडणाऱ्या मठाचा जीर्णोद्धार

"पण थोडंसं पडायला काय हरकत आहे, बुवा?"

केवलबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणी पडायचं?"

"मठानं. एखादी भिंत, एखादा कोपरा. सगळा नाही."

विचारणारा मार्तंड. बुवांचा पट्टशिष्य. निदान मार्तंडाचं तरी तसं मत होतं. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला सरकारी निधी मिळतोय, ही बातमी त्यानेच आणली आणि अर्जही त्यानेच केला. दारावर ग्रॅनाइटची पाटी बसवायची, हेही ठरवून टाकलं. पाटीवर नाव कोणाचं, ते तो कोणाला सांगत नव्हता. सांगायची गरजही नव्हती.

अडचण एकच होती. निधी पडक्या वास्तूंना होता, आणि मठ पडायचं नाव घेत नव्हता. दसरा झाला की सगळे शिष्य दगडांच्या सांध्यांत चुना भरायचे. ही मठाची जुनी खोड. तिच्यापायी भिंती ठणठणीत राहिल्या होत्या, आणि आता पाहणीचे साहेब तासाभरात येणार होते.

"पलीकडच्या गावचं देऊळ बघा," मार्तंड कळवळून म्हणाला. "तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, त्यांना निधी मंजूर. आम्ही मरमर राबलो, आम्हाला ठेंगा! हा न्याय झाला?"

"नाही झाला."

"मग?"

बुवा उठले. कोठीतून कुदळ आणून त्यांनी मार्तंडाच्या हातात दिली.

"पाड."

मार्तंड गांगरला. बुवा इतक्या लवकर ऐकतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"कुठे पाडू?"

"तुझं तू बघ."

गाभाऱ्याला हात लावणं म्हणजे पाप. स्वयंपाकघर पाडलं तर जेवायचं कुठे? त्याच्या स्वतःच्या खोलीत नुकताच पंखा बसवला होता. मठाला चक्कर मारून तो परत आला.

"बुवा... तुमची खोली चालेल? तुम्ही काय, विरक्त आहात."

"चालेल की."

बुवांनी वळकटी काखेत मारली, शेंगांची टोपली उचलली आणि अंगणात जाऊन बसले.

मार्तंडाने कुदळ हाणली. ठण्ण! भिंतीला ओरखडासुद्धा नाही. हात मात्र खांद्यापर्यंत झिणझिणला.

पुन्हा हाणली, आणि मग त्याला आठवलं. हा कोपरा त्यानेच भरला होता, मठात आला त्या वर्षी. चुन्याने हात पोळले होते. बुवांनी ते हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तरी त्याने कुदळ पुन्हा उगारली.

"नमस्कार, महाराज!"

पाहणीचे साहेब अंगणात उभे होते. त्यांनी सगळा मठ फिरून पाहिला, भिंती ठोकून पाहिल्या आणि खेदाने मान हलवली.

"फार छान राखलाय. पण आमच्या नियमात पडझड लागते हो. इथे तर कुठेच दिसत नाही."

...

मार्तंड कुदळ हातात धरून तसाच उभा. ती खाली ठेवावी की लपवावी, हेही त्याला सुचेना.

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला आणि त्याच्याकडे बोट केलं.

"पडझड ही काय, समोर उभी आहे, साहेब. बघा, हिला काही निधी बसतोय का."