कार्बुरेटरचे थेंब

होड्यांची शिडं उतरून त्यांत नुकतीच पेट्रोलची इंजिनं बसू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. हिराजी तांडेल आपल्या होडीतला पितळी कार्बुरेटर दर आठवड्याला पुसायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "माझा राजा कधी गळत नाही!"

एकदा पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली कचरा अडकला आणि थेंब थेंब होडीच्या तळाशी पडू लागला. लाजेपोटी कार्बुरेटर गप्प राहिला.

तिसऱ्या सकाळी इंजिनाच्या झाकणाखालच्या अंधारातून त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "राजा, ओळखलंस का?"

"कोण तू?"

"तुझेच थेंब. वाफ होऊन इथे साचलोय. आता फक्त एक ठिणगी हवी."

वर पावलं वाजली. तांडेल लेकीला सांगत होता, "नीट बस गं चंपे, सुरू करतो."

"गप्प राहा," वाफ लाडाने कुजबुजली. "तुला सवय आहेच की."

"तांडेल, थांबा!" कार्बुरेटर ओरडला. "मी गळतोय!"

तांडेलाचा हात जागीच थांबला. त्याने झाकण उघडलं, चंपीला काठावर उतरवलं. वारा तळ धुऊन काढेपर्यंत खाली कुणीतरी त्याच आवाजात हसत होतं.

सुई साफ झाली. पण त्या दिवसापासून तांडेल रोज आधी झाकण उघडायचा, वाकून वास घ्यायचा आणि विचारायचा, "राजा, काही सांगायचंय का?"