बाजूला ठेवलेला विडा

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. ज्या राज्यात ती घडली तिथल्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण त्याचा नाद मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला चेंडूचा नाद होता.

माघातल्या जत्रेत गावोगावचे संघ राजासमोर चेंडू खेळत. चेंडू कातड्याचा, आत काथ्या ठासून भरलेला. तो पायानेच मारायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना बांबू रोवून वेस केलेली असे. समोरच्यांच्या वेशीतून जो संघ जास्त वेळा चेंडू काढील तो जिंकला. हात लावायची मुभा एकट्या राखणदाराला. त्याने वेशीत उभं राहायचं आणि चेंडू अडवायचा.

खेळणाऱ्यांचं पोट या खेळावरच होतं. अक्षय्य तृतीयेला गावाने वाजतगाजत खेळाडूच्या दारी जायचं आणि पानाचा विडा पुढे करायचा. त्याने तो उचलला की वर्षभर तो त्या गावाचा, आणि त्याच्या घरची कणगी भरणं गावाच्या माथी. खेळाडूने कुठल्याही गावाचा विडा उचलावा, त्यात लाज नव्हती. राजाचा नियम एवढाच, की एका गावाला विडे अकराच.

या राज्यात खडकओढे नावाचं गाव होतं. जमीन मुरमाड, विहिरी खोल, पण मान ताठ. ती ताठ होती संघामुळे. मुलीला बघायला पाहुणे आले तर खडकओढेकर आधी संघाचं सांगत आणि मग मुलीचं. मला हे गाव आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू? ज्यांना कशाचाच अभिमान नाही त्यांच्यापेक्षा हे बरे.

तर त्या वर्षी जत्रेच्या शेवटच्या सामन्यात खडकओढे हरलं. समोर सोनतळे होतं. सोनतळ्याच्या गड्यांनी दिवसभर वेशीवर चेंडूंचा मारा केला आणि खडकओढ्याचा राखणदार मानकू तो अडवत राहिला. छातीने अडवला, गुडघ्याने अडवला, एकदा तर तोंडाने अडवला आणि दात हलवून घेतला. पण ऊन कलता कलता एक चेंडू खड्यावर उडाला आणि त्याच्या पायांमधून निघून गेला. तेवढ्यावर सोनतळे जिंकलं.

माघ सरला, खेळ थांबला. पुढची जत्रा लांब होती. मग गावाने करायचं काय? बोलायचं. रोज संध्याकाळी पारावर माणसं जमत आणि पुढच्या वर्षीचा संघ तोंडानेच बांधत. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुठल्या गावचा कोण मोकळा होतोय, याचीच चर्चा.

त्यात पुढारी भिवबा शिंपी. भिवबाने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. एकदा चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला, तर तो घाईने बाजूला झाला होता. पण बोलायला लागला की खेळाडूंनी त्याच्याकडून शिकावं असं वाटे. त्याच्या जोडीला गोदाकाकू. काकू फुटाणे विकत आणि त्यांनी एकही जत्रा चुकवली नव्हती. त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाई.

"डावीकडचा आपला गडी हरणासारखा पळतो," भिवबा म्हणायचा, "पण चेंडू मागे विसरून पळतो."

"पळू दे रे," गोदाकाकू म्हणायच्या, "दुसऱ्या गावात तर पळणारंच कुणी नाही. अकरा गडी कुणाचे असावेत तर आपले."

"सगळं खरं, पण राखणदार?"

मग सगळे एकमेकांकडे बघत आणि तो एक चेंडू पुन्हा निघे. मानकू वाकला उशिरा. मानकूने पाय जुळवले नाहीत. मानकूचे गुडघे आता वाजतात. अडवलेल्या चेंडूंची गोष्ट कुणी काढत नसे. ते तर त्याचं कामच होतं.

"सोनतळ्याचा वाघजी आणायला हवा," भिवबा म्हणाला. "उभा राहिला की वेस भरून जाते. तो या तृतीयेला मोकळा होतोय म्हणतात."

मानकूचं घर पाराच्या मागेच होतं. सगळं ऐकू जाई. त्याची बायको हौसा खिडकी लावून घ्यायला उठली, तर तो म्हणाला, "राहू दे उघडी. जत्रेत माझ्यासाठी घसा बसवून घेतात तीच माणसं आहेत. गाव त्यांचं, संघ त्यांचा. त्यांनी नाही बोलायचं तर कुणी?"

"बोलू देत," हौसा म्हणाली. "पण एकदा तरी दाराशी येऊन चांगलं बोलावं की."

चैत्रात एक दिवस सोनतळ्याचा बैलांचा व्यापारी मुक्कामाला आला. पारावरच्यांना तर ऐकणारा हवाच असतो. त्यांनी त्याला गूळपाणी दिलं, मध्ये बसवलं आणि आपल्या राखणदाराचे दोष त्याला एकेक करून दाखवले. जावयाला घर दाखवावं तसे.

व्यापारी गूळ चघळत म्हणाला, "म्हणजे मानकूला विडा देणार नाही म्हणता?"

"वाघजी आला तर कशाला देऊ?" भिवबा म्हणाला.

"आणि नाही आला तर?"

"तर आहेच की मानकू. तो कुठे जातोय?"

व्यापारी बैल न विकताच दुसऱ्या दिवशी घरी गेला. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

अक्षय्य तृतीया उजाडली. हौसाने दारात सडा घातला, रांगोळी काढली, पाट मांडला. मानकू धुतलेलं मुंडासं बांधून ओट्यावर बसला. गावाचा ढोल पाराकडून निघाला. आवाज गल्लीत शिरला, जवळ आला, मानकू उठून उभा राहिला. ढोल त्याच्या दारावरून तसाच पुढे गेला. सगळं गाव त्यामागे चाललं होतं. पाटलांच्या हातात तबक होतं. दहा जणांना आधल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, तुमचे विडे परतल्यावर देतो. अकरावा विडा वाघजीसाठी निघाला होता. वाघजी नाही म्हणाला तर तोच विडा परत आणून मानकूला द्यायचा, असं ठरलं होतं. मानकूला ते सांगावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

मानकू बराच वेळ उभा राहिला. मग पाटावर बसला आणि मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते. हौसाने पाट मात्र उचलला नाही.

दुपार टळायच्या आत दुसरा ढोल वाजला. तो गावाचा नव्हता. सोनतळ्याची म्हातारी पाटलीण स्वतः आडवाटेने तबक घेऊन आली होती आणि मागे निम्मं सोनतळे होतं.

"मानकू," ती म्हणाली, "गेल्या जत्रेत आम्ही जिंकलो, पण घरी जाताना आमची पोरं तुझंच बोलत होती. कसा अडवला, कसा झेपावला. जो चेंडू गेला तो खड्याने घातला, आमच्या पोरांनी नाही. वाघजीला मोकळं केलंय आम्ही. आमच्या वेशीत उभा राहशील का बाबा?"

मानकूने हौसाकडे बघितलं. इतके दिवस खाली घातलेली मान तिने वर केली होती.

"उचला," ती म्हणाली. "मानाने आलाय, मानाने उचला."

त्याने विडा उचलला.

इकडे खडकओढेकरांनाही वाघजी मिळाला होता. त्याने विडा लगेच उचलला. सोनतळ्याने इतका मोठा राखणदार मोकळा का केला, हे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. "त्यांना अक्कल नाही," एवढं भिवबा म्हणाला आणि सगळे वाघजीला पुढे घालून नाचत परतीला लागले.

वाटेत ओढ्यावर त्यांना समोरून दुसरी मिरवणूक भेटली. तिच्या पुढे मानकू होता, शेजारी डोक्यावर बोचकं घेतलेली हौसा. दोन्ही ढोल थांबले.

गोदाकाकू पुढे झाल्या. "मानकू, अरे, वाघजी नाही म्हणाला असता तर तुझाच विडा बाजूला ठेवला होता की."

"तेच तर, काकू," मानकू म्हणाला. "बाजूलाच ठेवला होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याने काकूंना वाकून नमस्कार केला आणि वाघजीकडे वळला. "दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, कपाळाला ओलं फडकं बांधत जा. आणि पारावर बोलतात ते मनाला लावून घेऊ नकोस. माणसं जिवाला जीव देणारी आहेत, फक्त सांगायचं विसरतात."

भिवबा मिरवणुकीच्या मागे जाऊन उभा राहिला. खडकओढेकर खाली मान घालून ओढा उतरून गेले.

पुढच्या माघात शेवटच्या सामन्याला पुन्हा हीच दोन गावं समोरासमोर आली. वाघजी चांगला खेळला. खरंच चांगला खेळला, त्याच्या नावाने कुणी बोटं मोडू नयेत. पण पलीकडच्या वेशीत मानकू होता. खडकओढ्याच्या गड्यांनी जिवाचं रान केलं. डावीकडचा गडी या वेळी चेंडू घेऊन पळाला. तरी वेशीत प्रत्येक वेळी मानकूचा हात, नाही तर छाती, नाही तर ते वाजणारे गुडघे. शेवटी वाघजीच्या बगलेतून एक चेंडू निसटला आणि सोनतळे जिंकलं.

आणि मग एक गोष्ट घडली. सामना संपल्यावर मानकू वेशीतून बाहेर आला आणि खडकओढ्याचं सगळं गाव उठून उभं राहिलं. हरलेलं गाव. गोदाकाकूंनी अशी हाक दिली की राजाने मान वळवून बघितलं. भिवबाच्या गालांवर पाणी होतं आणि छाती अंगरख्यात मावत नव्हती. शेजारी सोनतळ्याचा एक म्हातारा बसला होता. त्याला हलवून भिवबा म्हणाला, "बघितलंत? आमचा मानकू तो."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "होता," तो म्हणाला. "आता आमचा."

भिवबा खाली बसला.

घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी पारावर कुणीतरी सुरुवात केली, की वाघजीने बगल मिटायला हवी होती. त्याला भिवबानेच गप्प केलं. "आधी त्याने अडवलेले चेंडू मोज," तो म्हणाला, "आणि मोजून झाले की त्याच्या दारात जाऊन सांग. मग तो एक काढू."

त्या वर्षीच्या तृतीयेला खडकओढ्याचा ढोल सगळ्यांत आधी हरलेल्या राखणदाराच्या दारात थांबला. मानकू मात्र अंगातली ताकद संपेपर्यंत सोनतळ्याकडूनच खेळला आणि खडकओढ्याच्या वाट्याला विजयाची जत्रा पुढे फार वर्षं आली नाही.

म्हणून मुलांनो, ध्यानात ठेवा: आपल्या माणसाचा अभिमान तो आपला आहे तोवर त्याच्या तोंडावर सांगावा, कारण मागाहून केलेलं कौतुक दुसऱ्याच्या घरी ऐकू जातं.